बी साइड पद्माच्या घरी

चारुलची चौथी कॅसेट दसऱ्याला येणार, ही बातमी पद्मानं सांगितली तेव्हा उज्ज्वला तिच्या पलंगाशेजारी बसून डाळिंब सोलत होती. तिनं मान वर केली नाही. साठी ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलगी पुण्यात, आणि पावसाळ्यापासून रोज दुपारी हाच पलंग, हेच डाळिंब आणि कोपऱ्यात घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. माणूस इतकं थकलं की चांगली बातमीसुद्धा लगेच आत शिरत नाही, दारात जरा उभी राहते.

"कोण म्हणालं?"

"रेडिओवर सांगितलं की. ती स्वतःच बोलली. म्हणाली, उशीर झाला, राग मानू नका."

"पंचेचाळीस वर्षं," उज्ज्वला म्हणाली. "आपली एस्टीसुद्धा एवढा उशीर करत न्हाई."

पद्मा हसली आणि हसण्याचा खोकला झाला. तिचं उभं आयुष्य नवऱ्याच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये कांड्यांवर सूत भरण्यात गेलं होतं. त्याची बारीक तूस श्वासाबरोबर आत जात राहिली, आणि आता छातीत हवेला जागा म्हणून उरली नव्हती. खोकला बसेपर्यंत उज्ज्वलानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"उजे, कॅसेट काढणार हाय म्हणं. खरीखुरी. ए साइड, बी साइडवाली. आपण दोघींनी ऐकायची. ठरल्यासारखी."

"ऐकू की."

म्हणायला ती म्हणाली. पण आदल्याच दिवशी डॉक्टरांनी पद्माच्या नवऱ्याला, अजितरावांना, बाजूला घेऊन जे सांगितलं ते तिनं दाराआडून ऐकलं होतं. गणपती नुकतेच गेले होते. नवरात्र बघतील, डॉक्टर म्हणाले होते, दसऱ्याचं काही सांगत नाही.

चारुल कोण, हे आता सांगावं लागतं, हीच गंमत आहे. कॅसेटच्या काळात पुण्याची ही पोरगी गिटार घेऊन मराठीत पॉप गायला लागली आणि इचलकरंजीसारख्या खटखटत्या गावात शाळेतल्या पोरी तिच्यापायी वेड्या झाल्या. तिच्या तीनच कॅसेटी आल्या. चौथी जाहीर झाली, तिची पोस्टरंही लागली, आणि ती आलीच नाही. स्टँडजवळचा कॅसेटवाला रोज म्हणायचा, उद्या या. उज्ज्वला आणि पद्मा वर्षभर रोज गेल्या. मग दोघींची लग्नं झाली, मग कॅसेटवाल्यानं मोबाइलची कव्हरं विकायला घेतली, आणि तो 'उद्या' तसाच राहिला.

त्या वेळी वाट बघण्याची इचलकरंजीची अशी एक वेगळीच तऱ्हा होती. घरोघरी माग. रात्रंदिवस खडखडाट. उज्ज्वलाच्या घरी भिंतीपलीकडं आठ माग होते. आई पोरांना जेवायला बोलवायची ती हाताच्या खुणेनं. अशात गाणं ऐकायचं कसं? आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची, तेव्हा सगळ्या गावाचे माग थांबायचे. त्या दिवशी गावाला कान यायचे म्हणा ना. नवी कॅसेट सोमवारी हातात पडली तरी दोघी तिचं प्लॅस्टिक काढत नसत. कव्हरवरचा फोटो बघायचा, गाण्यांची नावं पाठ करायची, आणि सुट्टीच्या दिवसाची वाट बघायची. त्या दिवशी टेपरेकॉर्डरमध्ये सेल घालून ए साइड उज्ज्वलाच्या घरी. ती संपली की टेप पिशवीत घालून चालत निघायचं, वाटेत गाड्यावर एक चहा दोघींत, आणि बी साइड नदीकडच्या गल्लीत पद्माच्या घरी.

त्या चालण्यातच सगळा जीव होता. बी साइडचं पहिलं गाणं कसं असेल यावर दोघी भांडायच्या. एकीनं म्हणायचं, संथ असणार बघ. दुसरीनं न ऐकताच म्हणायचं, चूक. मग उलट. आणि पद्माच्या घरी बटण दाबलं की दोघींचंही चुकलेलं असायचं. तीन कॅसेटींत एकदासुद्धा बरोबर आलं नाही, आणि दोघी हसून लोळायच्या.

आता गावात खडखडाट नाही. बंद खोक्यांसारखे नवे माग गावाबाहेर गेले, ते गुणगुणतात फक्त. गाणं कधीही ऐकावं इतकी शांतता आहे. आणि वाट बघणं उरलं नाही, त्याला कारण आगाऊ नावाचं यंत्र.

यंत्राचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण लोकांनी त्याचं आगाऊ केलं आणि तेच रूढ झालं. त्यामागचं शास्त्र अवघड नव्हतं. गाणं ऐकताना मेंदूत दोन वेगळ्या जागा कामाला लागतात. आवडती ओळ यायच्या आधी एक जागा जागी होते. आता येणार, आता येणार, म्हणून ती आतुर होते. ओळ आली की दुसरी जागा तृप्त होते. पहिली वाट बघण्याची, दुसरी मिळण्याची. शास्त्रज्ञांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. आगाऊ बनवणाऱ्यांनी त्या पहिल्या जागेवर पाळत ठेवली. कानामागं चिकटवायची एक पातळ पट्टी त्यांनी काढली. कातडीखालून येणाऱ्या विजेच्या बारीक लहरींवरून तिला कळायचं, की ऐकणाऱ्याला पुढं कुठला सूर हवा आहे.

हे झालं ऐकणाऱ्याकडचं. गाणाऱ्याकडून यंत्रानं त्याची सगळी गाणी घेतली, मुलाखती घेतल्या, तो श्वास कुठं तोडतो, कुठल्या सुरावरून कुठं जातो, कशानंतर कशाला कंटाळतो, ते सगळं घेतलं. दोन्ही एकत्र केलं की त्या गायकाचं पुढचं गाणं, त्यालाही सुचायच्या आधी, त्याच्याच आवाजात तयार. सुरुवातीला गायक हसले. मग त्यांची खरी गाणी आली आणि ती आगाऊच्या गाण्यांशी सोळा आण्यांत पंधरा आणे जुळली. त्यानंतर कोण कशाला थांबतंय? नवं गाणं आलं की पोरं म्हणायची, हे गेल्या वर्षीच ऐकलं. मग गायकांनी जाहीर करणं सोडलं, आणि पुढं बऱ्याच जणांनी गाणं करणंच सोडलं. चारुलची 'चौथी' तर आगाऊवर शेकडो तऱ्हांची होती. ती न ऐकलेल्या बायका जगात बहुधा दोनच होत्या, त्यातली एक ऑक्सिजनवर.

आणि त्या आगाऊच्या कंपनीत उज्ज्वलाची मुलगी नोकरीला होती. सानिका. हुशार पोर, अडतिशीतच मोठ्या हुद्द्यावर. यंत्राचं गाणं आणि खरं गाणं यांत जो फरक राहतो तो शोधून काढायचा आणि कमी करत न्यायचा, हे तिचं काम. आईनं तिच्या कामाला कधी कानच लावला नाही, शब्दशः. दिवाळीत एकदा तिनं हौसेनं पट्टी आणली होती, तेव्हा उज्ज्वला म्हणाली, "मला नको बाई ती कानपट्टी." सानिका त्या दिवशी फराळ न करताच बॅग भरून गेली. तेव्हापासून तिचं येणं दिवाळीपुरतंच, आणि तेही घड्याळाकडं बघत.

घटस्थापनेच्या आठवडाभर आधी पद्माला रात्री जास्त झालं. सकाळी उज्ज्वला गेली तर ती एकेका शब्दाला थांबत होती. तरी विचारलं काय, तर, "दसरा किती लांब?"

उज्ज्वला घरी आली, चहा ठेवला, तो उतू गेला, आणि गॅस न पुसताच तिनं सानिकाला फोन लावला.

"सानू, ते तुमचं यंत्र… त्यातनं चारुलची चौथी काढता येईल काय? नीट. अगदी खऱ्यासारखी?"

पलीकडं चाललेली कीबोर्डची टकटक थांबली. मग सानिका म्हणाली, "आई, तू मागतेयस?"

"पद्मामावशी दसऱ्यापर्यंत न्हाई टिकायची."

"आणि तिला सांगणार काय?"

"सांगेन. चारुलनं जुन्या चाहत्यांना आधी पाठवली म्हणून. कॅसेटवरच पाहिजे मला. दोन्ही साइड."

"खोटं बोलणार तू? तिच्याशी?"

"व्हय," उज्ज्वला म्हणाली. "तुला जमंल काय ते सांग."

सानिकाला जमणार नाही असं नव्हतंच. पण तिच्या आवाजात काहीतरी हललं होतं. इतक्या वर्षांत आईनं पहिल्यांदा तिच्या कामातलं काही मागितलं होतं, आणि तेही मरणाऱ्या मैत्रिणीला फसवायला. तरी तिनं जीव ओतला. पट्टी कुरिअरनं पाठवली आणि म्हणाली, "बाजारातली गाणी सगळ्यांसाठी सरासरीनं बनवलेली असतात. मी तुमच्या दोघींसाठीच बनवते. तू पट्टी लावून जुन्या तिन्ही कॅसेटी ऐक. तुम्ही दोघींनी सगळं बरोबरच ऐकलंय, तुझी अपेक्षा तीच तिची."

उज्ज्वलानं पट्टी लावली. माळ्यावरचा टेप काढून, खाटेवर पडून तिनं तिन्ही कॅसेटी ऐकल्या, आणि काय सांगावं, तिला स्वतःचीच लाज वाटत राहिली. एखाद्यानं आपल्या पोटातली भूक मोजत बसावं तसं ते होतं. गाणी तीच होती. पण प्रत्येक ओळीआधी आपल्या आत काहीतरी उचंबळतंय आणि ते कुणीतरी टिपून घेतंय, हे तिला जाणवत होतं.

चार दिवसांनी कॅसेट आली. कोरी कॅसेट कुठून मिळवली कुणास ठाऊक, पण सानिकानं कव्हरही केलं होतं, म्हाताऱ्या चारुलचा फोटो, आत गाण्यांची नावं. खरीच वाटत होती. उज्ज्वलानं टेपमध्ये नवे सेल घातले, साडी बदलली आणि निघाली.

"पद्मे, बघ काय आलंय."

पद्मानं कॅसेट हातात घेतली. कव्हरवरून अंगठा फिरवला. तिचे डोळे भरून आले. अजितराव दारात उभे होते. त्यांना खरं माहीत होतं. ते चहा ठेवायला गेले.

"दसऱ्याला येणार होती न्हवं?"

"जुन्या लोकांना आधी पाठवली. आपली नावं होती तिच्याकडं, चाहत्यांच्या क्लबातली."

"अस्सं." पद्मा उशीला टेकली. "मग ए साइड तुझ्या घरी पाहिजे. पण आता चालवत न्हाई मला. इथंच लाव."

उज्ज्वलानं बटण दाबलं.

गाणं सुंदर होतं, यात वादच नाही. गिटार तीच, आवाज तोच, थोडा वयानं खोल झालेला. पहिलं कडवं झालं आणि दुसऱ्याच्या आधी पद्मानं पांघरुणावरचं बोट उचललं. जिथं उचललं तिथंच सूर वर गेला. उज्ज्वलाला बरं वाटलं, म्हणजे आवडतंय. पुढच्या वळणाला पुन्हा बोट. पुन्हा बरोबर. दुसरं गाणं सुरू होताना पद्मा पुटपुटली, "संथ असणार," आणि ते संथ होतं. तिसऱ्याला म्हणाली, "ह्यात बासरी येईल," आणि बासरी आली. चौथ्याच्या शेवटी गाणं कुठं थांबणार, तेही तिनं बोट खाली ठेवून सांगितलं, आणि गाणं थांबलं.

टेपचं बटण टक्कन वर आलं. खोलीत ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज तेवढा राहिला.

उज्ज्वलाला तेव्हा कळलं. जन्मात कधी या बाईचं एक भाकीत बरोबर आलं नव्हतं, आणि आज एकही चुकलं नव्हतं. उज्ज्वलाच्याच मनातून उपसलेलं गाणं पद्माला ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"छान हाय," पद्मा म्हणाली. तिचा चेहरा शांत होता. इचलकरंजीच्या बाया बोलतात तसंच, पुरुषासारखं, ती म्हणाली, "ए इथं झाली, आता बी साइड तुझ्या घरी. मी येतो की चालत. जरा बरं वाटू दे."

"पद्मे…"

"आज नको. दमलो मी."

उज्ज्वलाला रडू आवरेना. तिनं पलंगाच्या कडेला कपाळ टेकवलं. पद्मानं तिच्या केसांवर हात ठेवला. त्या हाताला आता वजनच नव्हतं.

"सानूनं केलं न्हवं? पोरीनं लई जीव लावून केलंय. तिला सांग, मावशीला आवडलं म्हणून."

"मला वाटलं… तुला ऐकायला मिळावं."

"तेच चुकलं तुझं." पद्मा थांबली, श्वास घेतला, पुन्हा बोलली. "मला कुठं ऐकायची घाई हाय? आडवं पडून दुसरं काय करतो मी दिवसभर? सकाळी उठलो की मनात येतं, दसरा जवळ आला. पहिलं गाणं कसं असंल, आवाज फाटला असंल काय तिचा. त्यात दुपार जाते. मग तू येतीस. एवढंच उरलंय माझ्याकडं. आणि तू ते संपवायला निघालीस."

उज्ज्वलानं टेपमधली कॅसेट काढून कव्हरात घातली.

"वाट बघत बघत गेलो तर चालंल मला," पद्मा म्हणाली. "पण तू ऐकायचीस हां. ए साइड तुझ्या घरी. मग चहा. मग इथं यायचं. मी नसलो तरी बी साइड इथंच."

गावात पाचवी माळ होती त्या दिवशी सकाळी पद्मा गेली. अजितरावांनी फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, या." उज्ज्वला गेली, बसली, सगळं झालं, घरी आली. रडायचं ते आधीच रडून झालं होतं. आता नुसता शीण होता, हाडांत उतरलेला. संध्याकाळी तिनं सानिकाला कळवलं.

"तिनं ऐकली का बी साइड?" सानिकानं विचारलं. मग लगेच, "सॉरी आई. हे नव्हतं विचारायचं."

"न्हाई ऐकली. ए ऐकली आणि बंद करायला लावली."

"का? कुठं चुकलं?"

"कुठंच न्हाई चुकलं गं. सगळं बरोबर आलं. म्हणून बंद केली."

सानिकाला हे पटेना. तिच्या धंद्यात चूक कमी करणं म्हणजेच काम. बरोबर आलं म्हणून कुणी पाठ फिरवली, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. आधी तिला राग आला. पद्मामावशीवर, आईवर, त्या दोघींच्या जुन्या हट्टावर. "तुम्हाला कौतुक करायला जमतच नाही," असंही ती म्हणाली. उज्ज्वलानं ऐकून घेतलं.

"मावशीनं सांगितलंय तुला. लई जीव लावून केलंस म्हणून."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उज्ज्वलानं मागवलेली खरी कॅसेट पोस्टानं आली, आणि त्याच संध्याकाळी न कळवता सानिका. एवढी मोठी झाली तरी दारात उभी राहिली ती शाळेतून आल्यासारखी. "सुट्टी होती," म्हणाली. तिच्या कानामागं पट्टी नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर उज्ज्वलानं कॅसेटचं प्लॅस्टिक काढलं. सानिका तिच्यासमोर जमिनीवर बसली.

टेप सुरू झाला तो खाकरण्यानं. मग चारुलचा म्हातारा आवाज म्हणाला, "थांबा हं जरा," आणि खुर्ची सरकवल्याचं ऐकू आलं. पहिल्या गाण्यात गिटार नव्हतीच. आवाज वरच्या सुरावर फाटला आणि तिनं तो तसाच ठेवला होता. दुसरं गाणं तर उज्ज्वलाला आवडलंच नाही. किती वेळ चाललंय हे, असं झालं. सानिका चुळबुळत होती. तिचा हात सवयीनं कानामागं जाई आणि रिकामा परत येई. तिसऱ्या गाण्यात एक जागा अशी आली, की आता सूर चढणार म्हणून दोघींनी श्वास धरला, आणि चारुल खाली उतरली. अगदी खाली, जवळजवळ बोलण्यावर.

सानिकानं आईकडं पाहिलं. "हे नव्हतं," ती हळूच म्हणाली. "हे आमच्याकडं कुठंच नव्हतं."

"आमच्याकडंही नव्हतं," उज्ज्वला म्हणाली आणि मग तिला हसू आलं, आणि हसता हसता पद्माची इतकी आठवण आली की पदर तोंडाला लावावा लागला. पद्मा असती तर म्हणाली असती, काय भिकार गायलीय, आणि बटण दाबून तिनंच परत ऐकलं असतं.

ए साइड संपली. टेप पिशवीत घालून दोघी निघाल्या. वाटेत गाड्यावर एक चहा घेतला, दोघींत. सानिकाला उष्टा ग्लास आवडत नसे. आज तिनं त्यातलाच घोट घेतला. दोघी चालत नदीकडच्या गल्लीत आल्या, तर पद्माच्या घराला कुलूप. समोरची बाई म्हणाली, अजितराव बाहुबलीला तीर्थाला गेलेत भावाबरोबर, पौर्णिमा झाल्याशिवाय यायचे नाहीत. दोघी पायरीवर टेकल्या.

"इथंच लावूया ना," सानिका म्हणाली. "पायरीवर. नाहीतर घरी जाऊ. मला सातची गाडी आहे."

"बी साइड पद्माच्या घरी."

"मावशी नाहीये आता, आई."

"घर हाय की."

सानिकानं सुस्कारा सोडला. तिनं पिशवीतली कॅसेट काढून बी साइड वर करून पाहिली, नुसतीच. "मी पुण्यात पोचेपर्यंत कुणीतरी ही सगळीकडे टाकलेली असेल. ऑफिसात तर उद्या हिच्यावरच काम. फरक मोजायला मलाच बसवतील."

"मग ऐक तिथं. मी कुठं अडवायलोय?"

"आणि तू?"

"मी थांबतो."

"कधीपर्यंत?"

उज्ज्वलानं गल्लीकडं पाहिलं. पाय दुखत होते. पूर्वी या वाटेवर दोघी अर्ध्या धावतच यायच्या. "तू येशील तेव्हा," ती म्हणाली. "अजितदाजी असतील, दार उघडं असंल, तू असशील. तेव्हा."

सानिकानं कॅसेट परत पिशवीत ठेवली आणि आईला हात देऊन उठवलं. सातच्या गाडीनं ती गेली.

पौर्णिमेच्या सुमारास उज्ज्वला भाकरी थापत होती तेव्हा फोन वाजला. पिठाच्या हातानं तिनं तो स्पीकरवर टाकला.

"आई, ऑफिसात सगळ्यांनी ऐकली. मी नाही ऐकली. त्यांना म्हटलं, मला नका सांगू. हसले सगळे."

"मग तुझं काम?"

"दुसऱ्याला दिलं." थोडं थांबून ती म्हणाली, "मावशीचे अजितकाका आले का परत?"

"परवा येतील."

"मी शनिवारी निघते. पण एक सांगू? मी सारखा त्याचाच विचार करतेय. झोपताना, मीटिंगमध्ये. पट्टी नाही, काही नाही, नुसतंच आपलं डोक्यात. बी साइडचं पहिलं गाणं फास्ट असणार. बघच तू. ए साइड इतकी रडकी केली ना तिनं, आता ती फास्टच करणार."

तव्यावरची भाकरी फुगली होती. उज्ज्वलानं ती उलटली. शनिवार अजून लांब होता, मध्ये तीन दिवस होते, आणि कित्येक वर्षांनी ते तीन दिवस तिला फार मोठे वाटले.

"चूक," ती म्हणाली.